निकॉन एफएम२ की एफएम१०? जुना कॅमेरा घेण्याआधी

जळगाव, धुळे, भुसावळच्या स्टुडिओंची कपाटं आवरली जातात तेव्हा हे दोन फिल्म कॅमेरे हमखास निघतात, आणि विकताना त्यांचा घोळ होतो. दोन्ही निकॉन, दोन्ही मॅन्युअल, दोन्हींना एफ माउंटच्याच (निकॉनच्या ठरलेल्या जोडणीच्या) लेन्स लागतात. त्यातून १० हा आकडा मोठा, तेव्हा एफएम१० म्हणजे एफएम२ची सुधारलेली आवृत्ती, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे.

एफएम२ आला १९८२ साली, तो धातूच्या बॉडीचा आणि खुद्द निकॉनने बनवलेला. एफएम१० १९९५चा. तो निकॉनसाठी कोसिना या जपानी कंपनीने बनवला. बॉडी प्लास्टिकची, वजन कमी, गिऱ्हाईक म्हणजे नवशिके आणि विद्यार्थी. एफएम२ २००१पर्यंत बनत होता, म्हणजे काही वर्षं दोन्ही एकाच वेळी नवे मिळत होते.

खरा फरक शटरचा, म्हणजे फिल्मवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणाऱ्या पडद्याचा. एफएम२ १/४००० सेकंदापर्यंत जातो, एफएम१० १/२०००वर थांबतो. सारंगखेड्याच्या यात्रेत भर उन्हात पळता घोडा टिपायचा आहे आणि कॅमेऱ्यात २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) रोल आहे असं धरा. मागची गर्दी धूसर करायला लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं उघडून एफ/४ लावलं, तर वेग १/३२००च्या आसपास लागतो. एफएम२ तो देतो. एफएम१०वर छिद्र लहान करून एफ/५.६ला यावं लागतं आणि गर्दी थोडी स्पष्ट दिसू लागते. फ्लॅशचंही तसंच: १९८४नंतरच्या एफएम२वर शटरच्या १/२५०पर्यंतच्या वेगाशी फ्लॅश जुळतो, एफएम१०वर १/१२५पर्यंतच. दुपारच्या हळदीत चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने भरायची तर हा फरक फार जाणवतो.

मात्र दोघांचं शटर बॅटरीशिवाय चालतं, सेल लागतात ते फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. माझ्या मते आज या दोघांना मागणी आहे ती मुख्यतः यामुळेच. डिजिटल आलं तेव्हा असे कॅमेरे मातीमोल झाले होते. नंतर तरुण मुलं पुन्हा फिल्मकडे वळली, पण निकॉन आता नवे फिल्म कॅमेरे विकत नाही. त्यात २०२३ साली आलेल्या निकॉनच्या झेडएफ या डिजिटल कॅमेऱ्याचं रूप एफएम२वर बेतलेलं, त्यामुळे जुन्या एफएम२चं नाव नव्या पिढीलाही कळलं. एफएम२चा भाव आज साधारण एफएम१०च्या दुपटीच्या पुढे असतो आणि तो रास्त आहे. पण त्याच्या जोरावर एफएम१०चाही भाव फुगवून सांगतात, तेवढा देऊ नका. शिकायलाच घ्यायचा असेल तर योग्य भावातला एफएम१० घ्या आणि उरलेल्या पैशांचे रोल आणा. रोल आता स्वस्त राहिलेले नाहीत, आणि फोटो काढल्याशिवाय हात बसत नाही.

पैसे देण्याआधी १ सेकंदाचा वेग लावून शटर ऐका, मध्येच अडकतंय का पाहा. मागचं झाकण उघडून कडेचा फोम चिकट झालाय का तपासा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर विरघळतो. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी शोधा. सोबत जी प्रकारची लेन्स देत असतील तर घेऊ नका: तिला ॲपर्चरची रिंग नसते, या दोघांवर ती नीट वापरताच येत नाही.

जाहिरातीत नुसतं 'निकॉन एफएम' लिहिलं असेल तर शटरच्या चकतीचा जवळून फोटो मागवा. ४००० दिसलं तर बहुधा एफएम२, २०००वर संपली तर एफएम१०, आणि १०००वरच संपली तर तो १९७७चा मूळ एफएम.