बालमजुरी : विद्यापीठांतील संशोधन व अध्यापन

बालमजुरीकडे मुलांच्या हक्कांचा प्रश्न म्हणून पाहणारे विद्यापीठीय अभ्यासक्षेत्र. कामगार कायदा, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्र यांच्या बांधावर ते वाढले. स्वतःचा असा विभाग त्याच्या वाट्याला क्वचितच आला. भारतात त्याचा विस्तार मुख्यतः १९८० नंतरचा. या अभ्यासाच्या मुळाशी दिसायला साधा प्रश्न आहे : कोणत्या मुलाला कामगार म्हणायचे? कायदा, जनगणना आणि संशोधक यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पुढची आकडेवारी, निवाडे आणि योजना या उत्तरावरच उभ्या राहतात.

मोजणीचा पेच

महाराष्ट्रातील ऊसतोड हे या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटाच मजूर असेल तर तो 'अर्धा कोयता'. या हिशेबात मूल ना अर्धे, ना पाव. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवर, दहा-अकरा वर्षांची मुलगी उरते. झोळीतले धाकटे भावंड तिच्या हवाली, पाणी तिने आणायचे, भाकऱ्या तिने थापायच्या. दुपारी फडावर गेली की मोळ्या बांधायला हात लावायचा, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचे. सर्वेक्षणाचा कागद घेऊन आलेल्याने विचारले, "ही काय करते?" तर आई सरळ मनाने सांगते, "काय नाय, घरीच असती." कागदावर त्या मुलीच्या नावापुढे 'काम करत नाही' असे लिहिले जाते. आई खोटे बोललेली नसते. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

जनगणनेची चाळणीही अशीच. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारा 'मुख्य कामगार', त्याहून कमी करणारा 'सीमांतिक'. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा, त्यामुळे फडातले मूल मोजले गेलेच तरी बहुधा दुसऱ्या रकान्यात पडते. ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले २००१ मध्ये सुमारे १ कोटी २६ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १ कोटी १ लाखावर आली. त्यांतील मुख्य कामगार सुमारे ४३ लाख. शासकीय भाषणात कधी १ कोटी १ लाखाचा आकडा येतो, कधी ४३ लाखांचा. निम्म्याहून अधिक मुले या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहेत.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वेगळी आहे. ५ ते ११ वयाच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी आर्थिक स्वरूपाचे काम केले तरी ते बालमजुरीत धरतात. १२ ते १४ वयासाठी ही मर्यादा १४ तासांची. घरकाम यात धरावे की नाही, यावर मोठा वाद झाला. २००८ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घरकामही स्वतंत्रपणे मोजण्याची मुभा दिली. मुलींच्या दृष्टीने हा बदल मोलाचा होता, कारण वर वर्णिलेली मुलगी जुन्या व्याख्येत जवळजवळ अदृश्यच राहते. दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारणारी कालविनियोग पाहणी भारतात २०१९ मध्ये देशभर झाली. 'काम करता का' याऐवजी 'काल सकाळी उठल्यापासून काय केले' असे विचारले की उत्तर पार बदलते, हे पद्धतिशास्त्राच्या तासाला शिकवण्यासारखे उदाहरण आहे. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांचा २०२० सालचा अंदाज १६ कोटींचा होता, २०२४ सालचा १३ कोटी ८० लाखांचा.

ऊसतोड मजुरांच्या अभ्यासात ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे यान ब्रेमन यांचे नाव टाळता येत नाही. १९७० च्या दशकात त्यांनी दक्षिण गुजरातेतील बारडोली भागाचा अभ्यास केला; तिथल्या सहकारी कारखान्यांचा ऊस तोडायला येणारी माणसे होती खानदेशातली. त्यांचा रोख स्थलांतरित मजुरीवर होता. पण कुटुंबच मजुरीचे एकक ठरले की मूल आपोआप कामाला जुंपले जाते, हे त्यातून दिसते.

पूर्वपीठिका

१८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही 'सवलत' होती, यावरून आधीची कल्पना यावी. पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्ती लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण आणले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. विद्यापीठीय लिखाणात हा धागा बराच काळ दुर्लक्षित राहिला. बालमजुरी कामगार खात्याचा विषय आणि शाळा शिक्षण खात्याचा, ही सरकारी वाटणी अभ्यासकांनीही मुकाट्याने मान्य केली होती.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांत मज्जाव केला. बालमजुरीवरील १९७९ च्या गुरुपादस्वामी समितीनंतर १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा आला. त्याने ठरावीक व्यवसायांवरच बंदी घातली; कौटुंबिक काम वगळले आणि शेती जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखाली सर्वच कामांवर बंदी आली, तरी शाळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची पळवाट राहिलीच. कोपीवरच्या मुलीचे काय, हा प्रश्न त्या पळवाटेत पुन्हा अडकतो.

मुख्य वाद

गरिबी आहे म्हणून मुले राबतात, हा जुना समज. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी १९९१ मध्ये त्याला उघड आव्हान दिले. अनेक देशांनी गरीब असतानाच शिक्षण सक्तीचे केले. भारतात अडते ते अधिकारी, शिक्षक आणि मध्यमवर्ग यांच्या मनातल्या 'काही मुले हाताने काम करण्यासाठीच जन्मतात' या समजुतीपाशी, असे त्यांचे प्रतिपादन. मराठी वाचकाला यात नवे ते काय, असे वाटण्याचा संभव आहे. फुल्यांनी शतकभर आधी जवळजवळ हेच बजावले होते.

अर्थशास्त्रात वळण आले १९९८ मध्ये. कौशिक बसू आणि फाम होआंग वान यांनी मांडले की आई-बापांची मिळकत एका पातळीच्या वर गेली की ते स्वतःच मुलाला कामावरून काढतात. आणि सगळीच मुले मजुरीच्या बाजारातून बाहेर पडली तर मोठ्यांची मजुरी वाढते. म्हणून एकच गाव दोन अवस्थांत स्थिरावू शकते : सगळी मुले कामावर आणि मजुरी कमी, किंवा मुले शाळेत आणि मजुरी जास्त. बंदीचा धक्का पहिल्या अवस्थेतून दुसरीत नेऊ शकतो, पण गरिबी फारच खोल असेल तर तोच धक्का घराला बुडवतो. प्रशांत भारद्वाज, लिआ लकडावाला आणि निकोलस ली यांनी १९८६ च्या कायद्याची तपासणी केली तेव्हा बंदीनंतर मुलांची मजुरी घसरल्याचे आणि गरीब घरांतून उलट अधिक मुले कामाला गेल्याचे आढळले. अर्धवट बंदीचा हा परिणाम ते 'विपरीत' म्हणतात.

मानवशास्त्रज्ञांचा सूर निराळा. केरळमधील काथ्या आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावात राहिलेल्या ओल्गा न्यूवेनहाउस यांनी दाखवले की मुलांचे काम किती मोलाचे आहे हे कुणी मोजतच नाही. 'मदत' हा शब्दच ते मोल झाकतो. पुढे 'काम करणाऱ्या मुलांचे हक्क' म्हणणारा प्रवाह तयार झाला. १९९६ मध्ये कर्नाटकातील कुंदापूर येथे अनेक देशांतील कामकरी मुलांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सरसकट बंदीला विरोध केला. याच्या थेट समोर उभ्या आहेत शांता सिन्हा. त्या हैदराबाद विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत, आणि एम. व्ही. फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेतर्फे रंगारेड्डी जिल्ह्यात त्यांनी मुलांना कामावरून काढून सेतुवर्गांमार्फत, म्हणजे शाळेसाठी तयारी करून घेणाऱ्या वर्गांमार्फत, शाळेत बसवले. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालमजूरच, ही त्यांची व्याख्या. शास्त्रीय काटेकोरपणाच्या कसोटीवर ती ढोबळ ठरेल. पण कोपीवरची मुलगी तिच्यातून सुटत नाही, हे तिचे बळ. सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २००७ मध्ये त्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

परदेशी बंदीचे काय होते याचा धडा बांगलादेशाने दिला. बालमजुरीतून बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालू पाहणाऱ्या अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांच्या विधेयकाच्या नुसत्या धास्तीने तिथल्या कपडा कारखान्यांनी हजारो मुले एका फटक्यात काढली. त्यांतली अनेक दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांत गेली. हार्किन यांच्याच आयोवा राज्यातील आयोवा विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक बर्न्स वेस्टन यांनी बालमजुरीला मानवी हक्कांच्या चौकटीत मांडणारा संपादित ग्रंथ २००५ मध्ये सिद्ध केला.

अध्यापन

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (स्थापना १९३६, नागपाडा) ही येथील जुनी पेठ. रस्त्यावरच्या मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये तिथल्याच क्षेत्रकार्य प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दहा, नऊ, आठ असा उलटा उतरणारा तो क्रमांक पोरांच्या तोंडी सहज बसला. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातून देशव्यापी सेवा उभी राहण्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बालक व कायदा केंद्र त्याच वर्षी सुरू झाले. इतरत्र मात्र हा विषय मानवी हक्कांच्या पदविकेतील एखाद्या प्रकरणापुरता उरतो : अनुच्छेद पाठ, ठरावांची वर्षे पाठ, आणि फडाचे तोंडही न पाहिलेला विद्यार्थी पहिल्या वर्गात पास.

क्षेत्रकार्याच्या अडचणी वेगळ्याच. मुलाची मुलाखत पालकांच्या संमतीने घ्यायची, पण मुलाची स्वतःची तयारी निराळी विचारायची. मालक शेजारी उभा असताना ती विचारून उपयोग नाही. मुलाखतीत लैंगिक अत्याचार उघड झाला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे 'तू सांगशील ते गुप्त राहील' असे वचन संशोधकाला देताच येत नाही, आणि हे मुलाला आधी सांगावे लागते. सांगितले की कित्येक मुले तोंड मिटतात.

ऊसतोड भागात संशोधकाला शाळेचे हजेरीपत्रकही जपून वाचावे लागते. मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. मूल आई-बापांबरोबर गेलेच तर तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. म्हणून हजेरीपत्रक एकटे पाहून भागत नाही. ते कार्ड, मुकादमाची वही आणि कोपीवरची प्रत्यक्ष मोजणी अशा तिन्ही गोष्टी शेजारी मांडाव्या लागतात, आणि ही मोजणी पहाटे, टोळी फडाकडे निघण्यापूर्वी करावी लागते.