गारठलेला फायटर

जानेवारीतल्या एका सकाळी शेजारचा मुलगा काचेची बरणी छातीशी धरून दारात उभा राहिला. "काका, हाऊ मासा मरी गया का?" धुळ्यात त्या आठवड्यात रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरला होता. बरणीतला निळा फायटर तळाशी आडवा पडलेला, पर मिटलेले. पण कल्ले हलत होते. मेला नव्हता, गारठला होता.

फायटर म्हणजे बेट्टा. मूळचा थायलंडकडच्या उथळ, उबदार पाण्यातला. 2019 मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याला 25 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार तर तोही गार. मग खाल्लेलं पचत नाही, रोगाशी लढायची ताकदही मंदावते. थंडीत केळीचा घड निसवताना अडकतो हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. माशाच्या आतही असंच सगळं अडून बसतं. म्हणून हिवाळ्यात आजारी फायटर आला की मी औषधाआधी पाण्यात थर्मामीटर बुडवतो.

ऊब मात्र सावकाश द्यायची. गरम पाणी एकदम ओतलं तर तो धक्काच जीव घेतो. पंधरा-वीस लिटरची टाकी आणि थर्मोस्टॅटचा छोटा हीटर हा खरा उपाय. तासाला एखाद-दोन अंश, एवढीच घाई. वीज गेली तर टाकीभोवती गोधडी गुंडाळा, पण तोंड पूर्ण बंद करू नका. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा घड्यांचा एक अवयव असतो, त्यामुळे तो वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. ती वाट अडवली, तर पाणी कितीही चांगलं असो, तो गुदमरतो.

उन्हाळ्यात दुखणं वेगळं. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचा काही भाग मुक्त, विषारी रूपात असतो आणि पाणी जितकं अल्कधर्मी नि गरम, तितका हा भाग जास्त. 25 अंशांना सामू (pH, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7 असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का असा असतो. सामू 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगाव 45 अंशांवर. छोट्या बरणीत हे विष फार लवकर चढतं. परांच्या कडा झिजायला लागल्या, तर आधी पाणी तपासा.

अमोनिया पचवणारे जिवाणू काचेवर, खड्यांवर वाढतात. बरणी साबणाने घासून सगळं पाणी फेकणं म्हणजे त्यांना मारणं. ही चूक बहुतेक घरांत होते, आणि तीही मायेपोटीच. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवून बदललं की पुरतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी आहे. ठिपक्याआत तो कातडीखाली लपलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. पिकून गळून पडतो, तळाशी फुटून शेकडो पिल्लं पोहू लागतात. औषधाला सापडतात ती तेव्हाच. पाणी 28 अंशांवर नेलं की हे चक्र वेगाने फिरतं. म्हणून ठिपके गेले तरी औषध अर्ध्यावर सोडायचं नाही, पुढे आठवडाभर तरी द्यायचं. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं मात्र नको; त्यात ते उपयोगी जिवाणूच आधी मरतील.

पोट फुगून खवले बाहेर उभे राहिले आणि उपाशी ठेवूनही सूज उतरत नसेल, तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. असा मासा सहसा वाचत नाही. त्याला उबदार, स्वच्छ आणि उथळ पाण्यात ठेवावं, म्हणजे हवा गिळायला वर येताना त्याला कमी दम लागतो.