एपॉक्सी रेझिनमध्ये (साच्यात ओतायचं द्रव) हार्डनर (ते कडक करणारा दुसरा द्रव) जास्त घातला की ते लवकर सुकतं?

नाही. तरी गोव्यात पावसाळा लागला की हा सल्ला हमखास मिळतो: ‘हवा दमट आहे, हार्डनर जरा सढळ हाताने घाल.’ मीही घातला. काथ्या पसरून केलेला खरबरीत ट्रे चतुर्थी आली तरी चिकटच. बोट टेकवलं की ठसा!

समजाचं मूळ बहुधा फायबरच्या होड्यांत असावं. तिथलं पॉलिएस्टर रेझिन वेगळं. त्यात कॅटॅलिस्ट (घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन) साधारण १ ते २ टक्के, थोडा वाढवला की लवकर आवळतं. एपॉक्सीत मात्र हार्डनर म्हणजे वरची फोडणी नव्हे, आमटीतली डाळच. त्याचे रेणू रेझिनशी जोडले जातात. उरलेल्यांना जोडीदार नसतो, म्हणून वस्तू मऊ राहते.

बाटलीवरचं रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण, २:१ किंवा ३:१, वजनाचं की मापाचं ते आधी वाचा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. खरबरीतपणासाठी काथ्या, बांधकामातली उरलेली चाळलेली वाळू, अंड्याची टरफलं, काहीही वापरा, पण कडकडीत वाळवून. ओल राहिली की बुडबुडे येतात.

सुकल्यावर वर तेलकट थर दिसला तर तो बहुधा दमटपणाचा. कोमट साबणपाण्याने निघतो.