घरटंचाईत मागणी-पुरवठ्याचा मेळ

घरं हवी असणारी माणसं जास्त आणि परवडतील अशी रिकामी घरं कमी, याला घरटंचाई म्हणतात, आणि हा मेळ बसवायला सरकार, नगरपालिका, बिल्डर, बँका जे काही करतात ते सगळं या विषयात येतं. खरी अडचण वेगाची आहे. गावाजवळ मोठा कारखाना निघाला की मागणी महिन्याभरात वाढते, पण घर उभं राहायचं तर जमीन, परमिशन, कर्ज, पाणी, ड्रेनेज, मग बांधकाम, यात वर्षं जातात, आणि तोवर घर कुणाला मिळणार हे भाडंच ठरवतं. एक खोली रिकामी झाल्याचं कळलं की जिन्यात सहा कुटुंबं डिपॉझिट घेऊन उभी, किल्ली जास्त देणाऱ्याला मिळते, बाकीची पाच लांब कुठेतरी जातात नाहीतर नातेवाइकांकडे एका खोलीत दोन संसार करतात. मागणी मोजताना अशी दाटीत राहणारी माणसं धरलीच पाहिजेत, बऱ्याचदा ती सुटतात.

घरं तेवढीच ठेवून नुसतं स्वस्त होम लोन किंवा सबसिडी दिली तर सगळेच जास्त बोली लावतात आणि बराचसा पैसा विकणाऱ्याच्या खिशात जातो. भाडं बांधून दिलं की आत राहणाऱ्याला मोठा आधार मिळतो, म्हाताऱ्या माणसाला अचानक घर सोडावं लागत नाही, हे कमी समजू नये, पण मालक घर भाड्याने द्यायचंच थांबवतात. सान फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये छोट्या जुन्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लावलं, तर अशा इमारतींतली भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली असं अर्थतज्ज्ञांना आढळलं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर बसवला, त्याने बंद घरं थोडीफार बाजारात येतात. मात्र काही घरं रिकामी लागतातच, नाहीतर कुणाला हलताच येणार नाही.

शेवटी घरं वाढवावी लागतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या बऱ्याच मोठ्या भागात एका बंगल्याच्या जागी जास्त घरं बांधायला मुभा दिली आणि पुढच्या काही वर्षांत बांधकामाच्या परवानग्या खूप वाढल्या. नवीन घर महाग असलं तरी त्याचा उपयोग खालपर्यंत जातो, म्हणजे एक कुटुंब नव्या घरात गेलं की त्यांचं जुनं घर एखाद्या जोडप्याला मिळतं आणि त्या जोडप्याची खोली एखाद्या विद्यार्थ्याला. पण ही साखळी हळू चालते आणि अगदी कमी कमाई असलेल्यांपर्यंत पोचेलच असं नाही, त्यांच्यासाठी सरकारनेच बांधलेलं बरं. सिंगापूरने १९६० मध्ये त्यासाठी वेगळं बोर्ड काढलं आणि पहिल्या पाच वर्षांतच ५० हजारांवर घरं उभी केली. शिवाय मंदी आली की खासगी बिल्डर काम थांबवतात, गवंडी-सुतार दुसऱ्या धंद्याला लागतात आणि मागणी परतल्यावर हातच कमी पडतात, म्हणून सरकारी बांधकाम मंदीतच जास्त जोरात चालू ठेवायला हवं.