एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची अपत्येच्छा

एचआयव्हीची लागण झाली म्हणून मूल हवेसे वाटणे थांबत नाही. महाराष्ट्रात अनेक स्त्रियांना आपल्या लागणीचा पत्ता पहिल्या बाळंतपणाआधीच्या रक्ततपासणीत लागतो. म्हणजे मुलाची आस आणि आजाराची बातमी एकाच दिवशी समोर येतात. लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘काही गोड बातमी?’ असे विचारणाऱ्या सासरी लागण लपवून ठेवलेली असेल, तर मूल न होण्याचे कारणही सांगता येत नाही. पण या इच्छेला केवळ सासरचा दबाव समजणे अन्यायाचे आहे. नवरा गमावलेल्या, पुनर्विवाह केलेल्या किंवा पहिले मूल दगावलेल्या बायकाही स्वतःहून मूल मागतात.

उपचार नसतील तर गर्भारपण, प्रसूती व स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिल्यास हे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर येते, असे १९९४ साली एका चाचणीत दिसले. भारतात सुरुवातीला प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिन या दुसऱ्या विषाणूरोधक औषधाची एकच गोळी आणि बाळाला त्याचे सिरप मिळत असे. त्या काळात ‘मूल होऊ देऊ नका’ हाच सल्ला सर्रास दिला जाई. एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी रोजची औषधे, २००४ पासून मोफत मिळू लागली आणि २०१४ पासून प्रत्येक लागण झालेल्या गर्भवतीला ती आयुष्यभरासाठी सुरू करण्याचे धोरण आले. गर्भ राहण्याआधीपासून गोळ्या नियमित चालू असतील आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दबलेला असेल, तर बाळाला लागण होण्याची शक्यता आता एक टक्क्याच्याही खाली येते. लोड असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. त्यामुळे नवरा निगेटिव्ह असलेल्या जोडप्यालाही नैसर्गिकरीत्या मूल होऊ शकते.

बाळ जन्मल्यावर त्याला काही आठवडे औषध पाजतात. सहाव्या आठवड्यात लागण तपासण्यासाठी टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले जातात. लागण आहे की नाही याची अखेरची खात्री १८ महिन्यांनी होते. मधला काळ आईला फार जड जातो. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, असा सल्ला आहे. वरचे दूध दिले तर ‘अंगावर का पाजत नाहीस?’ हा शेजारणीचा प्रश्न गुपित फोडू शकतो.

खरी अडचण आता औषधापेक्षा बोलण्यात आहे. ओरडा बसेल या धास्तीने बायका एआरटी केंद्रात मुलाचा विषय काढत नाहीत आणि दिवस गेल्यावरच सांगतात. लोड तपासून, योग्य वेळ ठरवून गर्भधारणा करण्याची संधी त्यात हातची जाते. समुपदेशकाने हा प्रश्न आपणहून विचारायला हवा.

नामिबियात लागण झालेल्या तीन स्त्रियांची सुजाण (नीट समजून दिलेल्या) संमतीविना नसबंदी झाली होती; तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. भारतात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला. लागण झालेल्या गर्भवतीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या सुजाण संमतीशिवाय करण्यास तो मनाई करतो.