फुकेत-क्राबीला जाताना पैसे कसे न्यावेत, कुठे ठेवावेत

आमच्या सहलीत हॉटेल, नाश्ता, गाड्या आणि बोटींचे पैसे तुम्ही इथेच भरलेले असतात. तरी शहाळं, टुकटुक (तिथली रिक्षा), मसाज, बाजारातली खरेदी यांसाठी हातात बाट, म्हणजे थायलंडचं चलन, लागतातच, आणि किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी रोखच लागतात. आमचा आग्रह एकच आहे: सहलीचे सगळे पैसे एका पाकिटात आणि एका माणसाकडे ठेवू नका आणि समुद्रावर तर मुळीच नेऊ नका. त्याची तयारी घरूनच सुरू होते.

निघण्यापूर्वी

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का ते पाहा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त भारतात चालेल असंच मिळतं. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. तिथेच खर्चाची मर्यादाही घालता येते. ती कमी ठेवा, गरज पडली तर फोनवरून वाढवता येईल. परदेशी दुकानात किंवा वेबसाइटवर अनेकदा ओटीपी विचारलाच जात नाही, त्यामुळे कार्ड भलत्याच्या हाती पडलं तर ही मर्यादाच नुकसान रोखते. परत आल्यावर आंतरराष्ट्रीय वापर बंद करायला विसरू नका.

कुटुंबामागे दोन कार्डं पुरतात. एक फॉरेक्स कार्ड: त्यात आपण भरू तेवढेच पैसे असतात, बचत खात्याला धक्का लागत नाही. दुसरं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, अडीनडीला. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे द्या. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. रुपे कार्ड असेल तर ते परदेशात चालणारं आहे का, हे बँकेला विचारून घ्या. थाई दुकानांत क्यूआर कोड सर्रास दिसतील, पण आपल्या यूपीआयने ते चालतील असं धरून निघू नका. भारतातलं सिम मात्र रोमिंगवर चालू ठेवा, म्हणजे बँकेचे मेसेज येत राहतील.

रोख परकीय चलन एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं. इतक्याची गरज सहसा पडत नाही. बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. १०० डॉलरच्या कोऱ्या नोटांना तिकडे लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोट परत केली जाते. थायलंडच्या विमानतळावर इमिग्रेशनचे अधिकारी खर्चाचे पैसे दाखवायला सांगू शकतात, तेव्हा रोख चेक-इन बॅगेत टाकू नका.

तिथे पोहोचल्यावर

विमानतळावरच्या काउंटरवर दर सहसा कमी मिळतो. पहिल्या दिवसापुरते बाट घ्या, बाकीचे फुकेतच्या पातोंग किंवा क्राबीच्या आओ नांग किनाऱ्यावर दोन-तीन काउंटरचे दर बघून बदला. पासपोर्ट दाखवावा लागतो.

एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० ते २५० बाट शुल्क पडतं, मग हजार काढा की दहा हजार. म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा आणि सेफमध्ये ठेवा. स्क्रीनवर ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असं विचारलं, तर नाही म्हणा. बाटमध्येच व्यवहार करा, कारण त्या रूपांतराचा दर महाग असतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच. काही मशीन पैसे आधी देतात आणि कार्ड नंतर, तेव्हा नोटा हातात आल्या की लगेच वळू नका. शक्यतो बँकेच्या शाखेचं एटीएम, शाखा उघडी असताना वापरा.

समुद्रावर

त्या दिवशी लागतील तेवढेच बाट, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात. पासपोर्ट खोलीतल्या सेफमध्ये आणि त्याची झेरॉक्स सोबत. सगळे एकदम पाण्यात उतरता आणि बॅगा छत्रीखाली राहतात, तिथेच गडबड होते. आपण गटाने जातो, तेव्हा पाळी लावा. आजी-आजोबांवर सगळ्यांच्या बॅगांचा भार टाकू नका, त्यांनाही पाण्यात पाय बुडवायचे असतात.

फी फी बेटांच्या दिवशी सुट्टे हवेत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढांना ४०० आणि मुलांना २०० बाट आहे. ते तुमच्या पॅकेजमध्ये धरलं आहे का, हे आदल्या रात्री आमच्या टूर मॅनेजरला विचारा.

जेट स्की भाड्याने घ्यायची असेल तर पासपोर्ट तारण ठेवू नका. आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, कारण परत करताना ‘हे तुम्हीच केलं’ म्हणून मोठी रक्कम मागण्याचे प्रकार फुकेतला वर्षानुवर्षं होत आलेत. खरं सांगायचं तर आमचा सल्ला ती टाळण्याचाच असतो.

वाऱ्याने नोट उडाली तर पायाने दाबू नका. तिच्यावर राजाचं चित्र असतं आणि त्याला पाय लावणं तिथे गंभीर अपमान समजतात.

कार्ड किंवा पाकीट हरवलं तर

आधी ॲपमधून कार्ड बंद करा. फोनही गेला असेल तर? यासाठी बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहून जोडीदाराकडे ठेवा. मग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा गैरव्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. विम्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं. पासपोर्ट हरवला तर बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधायचा असतो. ते काम आमचा टूर मॅनेजर तुमच्या सोबत राहून करेल.