ओएनजीसी : तेलाचा धंदा आणि सामाजिक खर्च

ओएनजीसी म्हणजे ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन, जमिनीतून आणि समुद्राखालून खनिज तेल नि नैसर्गिक वायू काढणारी सरकारी कंपनी. देशात जेवढं कच्चं तेल निघतं त्यातलं साधारण ७० टक्के हिच्या खात्यावर असतं. स्थापना १४ ऑगस्ट १९५६ ची धरतात, पण ही तारीख जरा जपूनच घ्यावी, कारण तेल व नैसर्गिक वायू संचालनालय १९५५ मध्येच सुरू झालं होतं, संसदेच्या कायद्याने वैधानिक दर्जा आला १९५९ मध्ये आणि आज शेअर बाजारात दिसते ती कंपनी नोंदवली गेली १९९३ मध्ये. सुरुवातीच्या काळात केशवदेव मालवीय या मंत्र्यांनी ही गोष्ट लावून धरली, सोव्हिएत तज्ज्ञ आणले, याबद्दल फारसा वाद नाही. १९५८ ला खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० ला अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा नाव दिलं असं सांगतात. वांद्रे पूर्वेला कंपनीचं वसुधारा भवन आहे ते याच नावाचं.

वाद आहे तो मुंबई हायच्या, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मोठ्या तेलक्षेत्राच्या शोधाचा. अकादमिक अर्खांगेल्स्की या सोव्हिएत जहाजाने खंभातच्या आखाताकडच्या पट्ट्यात भूकंपलहरींचा सर्व्हे केला (मुद्दाम हादरे देऊन त्यांच्या परतणाऱ्या लहरींवरून खालचे थर ओळखायचे) आणि त्यात समुद्रतळाखाली मोठा उंचवटा दिसला. या सर्व्हेचं साल कुठे १९६४, कुठे १९६५, कुठे थेट १९६७ पर्यंत लांबवलेलं सापडतं, १९६४ ते ६७ असा काळ धरणं त्यातल्या त्यात सुरक्षित. आता श्रेय या सर्व्हेला द्यायचं की पुढे प्रत्यक्ष ड्रिलिंग केलेल्या भारतीय टीमला, यावर दोन पंथ आहेत. उंचवटा सापडला म्हणजे तेल सापडलं असं होत नाही, तो कोरडाही निघू शकतो, म्हणून दुसरा पंथ जास्त पटतो. शिवाय मध्ये जवळपास १० वर्षं गेली कारण खोल समुद्रात खोदायला रिगच, म्हणजे विहीर खोदायचं यंत्रच नव्हतं. १९७० मध्ये आखातातल्या अलियाबेटला उथळ पाण्यात पहिली विहीर खोदून बघितली. मग जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेली सागर सम्राट ही जॅकअप रिग आली, म्हणजे पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून धरणारी, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. तेल मुख्यतः मायोसीन या भूशास्त्रीय काळातल्या चुनखडकात आहे. उत्पादन मे १९७६ पासून. सुरुवातीला टँकरने आणायचे, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन पडली. १९८० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास तेल निघत होतं, नंतर उतरती कळा लागली. २०२५ मध्ये उत्पादन पुन्हा वाढवायला बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सेवेसाठी घेतलंय.

उरणच्या प्लांटमध्ये गॅसमधून एलपीजी, नाफ्था, इथेन-प्रोपेन वेगळं काढतात, इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याला जातं, गॅस ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्याकडे. प्लॅटफॉर्मवरची माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने जातात, १४ दिवस ड्युटी, १४ दिवस घरी. धोकाही आहेच, २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला जहाज धडकून आग लागली, २२ जण गेले.

बाकी धंद्याचं थोडक्यात. परदेशातली कामं ओएनजीसी विदेश ही उपकंपनी बघते (रशियातल्या सखालिन-१ तेलप्रकल्पात २० टक्के वाटा, २००१ पासून), मंगळूरची रिफायनरी २००३ मध्ये आली, एचपीसीएलचा (हिंदुस्तान पेट्रोलियमचा) ५१.११ टक्के हिस्सा २०१८ मध्ये ३६,९१५ कोटींना घेतला.

आता सामाजिक गुंतवणूक. इथे आधी एक गोष्ट स्पष्ट पाहिजे, लोकांपर्यंत जाणारा मोठा पैसा सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चातून जातच नाही. तो जातो रॉयल्टी (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायचा मोबदला), सेस, डिव्हिडंडमधून, आणि डिझेल-गॅस स्वस्त ठेवायचं होतं त्या काळात सरकारी तेलविक्री कंपन्यांना कच्च्या तेलावर दिलेल्या सवलतीतून. एकट्या २०१३-१४ मध्ये ओएनजीसीने ५६ हजार कोटींच्या वर अशी सवलत सोसली. राज्यांमध्ये मात्र हा पैसा सारखा पडत नाही. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी त्या राज्याला मिळते, त्यामुळे गुजरात आणि आसामला मिळते, आणि सवलतीआधीच्या भावावर द्या म्हणून गुजरात कोर्टातही गेलं होतं. समुद्रातलं तेल घटनेच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राचं. म्हणजे मुंबई हाय नावात मुंबई, पाइपलाइन उरणला, हेलिकॉप्टर जुहूला, आणि रॉयल्टी दिल्लीला!

सीएसआर बंधनकारक झालं ते २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने, १ एप्रिल २०१४ पासून. मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. पहिल्याच वर्षी ओएनजीसीला सुमारे ६६० कोटी खर्चायचे होते, झाले सुमारे ४९५ कोटी. तेव्हा नियम ‘खर्च करा नाहीतर कारण सांगा’ एवढाच होता, २०२१ पासून शिल्लक पैसा वेगळ्या खात्यात टाकणं किंवा ठरलेल्या सरकारी फंडाला देणं भाग आहे.

कशावर खर्च चालेल ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि खरी ओढाताण तिथेच होते. २०१८ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, स्टॅच्यू ऑफ युनिटीला ५ सरकारी तेल कंपन्यांनी दिलेल्या १४६.८३ कोटींवर बोट ठेवलं, त्यात ओएनजीसीचे ५० कोटी होते. हा पैसा राष्ट्रीय वारशाचं जतन या नोंदीखाली दाखवला होता. कॅगचं म्हणणं, नवा पुतळा म्हणजे वारसा नव्हे. कंपन्यांच्या बाजूने धरायचं तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं जून २०१४ चं परिपत्रक आहे, त्यात नोंदींचा अर्थ सढळ लावा असं लिहिलंय. पण जतन करायला आधी काहीतरी असावं लागतं, तेव्हा कॅगचं वाचन जास्त सरळ वाटतं.

कामं बरीच आहेत. हेल्पएज इंडियाबरोबर म्हाताऱ्या माणसांसाठी फिरते दवाखाने, काझीरंगात बारशिंग्यांचं संवर्धन. आसामात शिवसागरचं सिउ-का-फा हॉस्पिटल आपल्याकडच्या वाचकांना जवळचं वाटेल, कारण ते चालवणारं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा प्रश्न मात्र या सगळ्यात नीट बसत नाही. प्लॅटफॉर्मच्या पायांना शेवाळ, कालवं धरतात, त्यामुळे मासळी तिथेच गोळा होते आणि भोवती ५०० मीटर बोटींना बंदी. सर्व्हेचं जहाज आलं की जाळी काढून घ्या म्हणतात, तेवढे दिवस धंदा बंद. याची भरपाई मागितली जाते ती वेगळ्या खात्यातून, कारण कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातली कामं आणि दुसऱ्या कायद्याने लागू झालेली देणी सीएसआरमध्ये धरायची नाहीत असं नियमच सांगतो.